तुआरेगांचें संगीत : वीर कीं विप्रलंभ ?

सहारा वाळवंटांतील तुआरेग लोकांचें संगीत गेल्या पंचवीस वर्षांत जगभर ऐकूं येऊं लागलें आहे, आणि आपल्याकडील जिज्ञासु श्रोत्यांनाहि तें आतां दुर्लभ राहिलेलें नाहीं. मात्र संगीत कानीं पडण्यापूर्वीं त्याची कीर्ति येऊन पोंचते. निळा फेटा, तोंडावर त्याचाच पदर, एका खांद्यावर बंदूक आणि दुसऱ्या खांद्यावर गिटार, असें या गायकांचें चित्र इतक्या वेळां रंगविण्यांत आलें आहे कीं, हें बंडखोरांचें रणगीत आहे, अशी श्रोत्याची समजूत आरंभींच होऊन बसते. आपल्या साहित्यशास्त्राच्या भाषेंत बोलावयाचें तर, येथें प्रधान रस वीर आहे असें गृहीत धरलें जातें. आमच्या मतें हें गृहीत बरोबर नाहीं. या संगीताचा प्राण विप्रलंभांत आहे व वीररस त्याच्या आश्रयानें राहतो. ही गोष्ट ध्यानांत न घेतल्यास त्याच्या गुणदोषांचें माप नीट घेतां येणार नाहीं.

तुआरेग हें नांव त्यांना परक्यांनीं दिलें. आपली ओळख ते 'तमाशेक बोलणारे लोक' अशी सांगतात. अल्जीरिया, लिबिया, माली, नायजर व बुर्किना फासो या देशांत ते विखुरलेले आहेत. वसाहतींचीं राज्यें जाऊन हे देश स्वतंत्र झाले, तेव्हां नकाशावरील रेषांनीं त्यांचे चराईचे व तांड्यांचे जुने मार्ग तोडले. यांच्यांत तोंड झांकण्याची रीत पुरुषांची आहे, स्त्रियांची नाहीं. वाद्यांची वांटणीहि अशीच लक्षांत घेण्याजोगी आहे. भोपळ्याच्या अर्ध्या कवचावर कातडें ताणून, घोड्याच्या केसांची एकच तार लावून, गजानें वाजविण्याचें 'इम्झाद' हें वाद्य केवळ स्त्रियाच वाजवितात. पुरुष त्याच्या साथीवर कविता म्हणतो. धान्य कांडण्याच्या लांकडी उखळावर बकऱ्याचें कातडें चढवून केलेला 'तेंदे' हा ढोलहि स्त्रियांचाच. जुनी परंपरा असें सांगते कीं, रणांतून पळालेल्यासाठीं इम्झाद वाजत नसे. म्हणजे शौर्याचें पारितोषिक तरी कोणतें? स्त्रियांच्या मेळ्यांत परत येऊन बसण्याचा अधिकार. वीर येथें मुळापासूनच शृंगाराचा अंकित आहे.

या लोकांच्या काव्यांत 'असूफ' हा एक शब्द वारंवार येतो. त्याचा अर्थ एकटेपण, ओढ, आणि राहुट्यांच्या पलीकडील निर्मनुष्य प्रदेशहि. त्या प्रदेशांतील भुताखेतांना 'असूफची माणसें' असेंच म्हणतात. बाहेरचें ओसाड रान आणि आंतली हुरहुर यांना एकच शब्द असावा, यांत त्या जीवनाचें सारें मर्म आलें. राहुटीजवळ गाणें चालू आहे तोंवर असूफ दूर राहतें. म्हणून गाणें ही तेथें करमणुकीपेक्षां अधिक गरजेची गोष्ट आहे.

आतां गिटारीकडे वळूं. १९६३ सालीं मालीच्या उत्तर भागांत तुआरेगांनीं केलेलें बंड लष्करानें निर्दयपणें मोडलें. इब्राहिम अग अल्हबीब यांच्या वडिलांना तेव्हां ठार करण्यांत आलें; इब्राहिम त्या वेळीं अगदीं लहान होते. पुढें १९७० च्या आसपासच्या अवर्षणानें, आणि १९८४-८५ च्या दुसऱ्या अवर्षणानें, जनावरें मेलीं व कळप मोडले. तरुण पोरें पोटासाठीं अल्जीरिया व लिबियांतील शहरांकडे निघालीं. बेकाराला असलेल्या फ्रेंच शब्दावरून त्यांना 'इशुमार' हें नांव पडलें. डबा, काठी व सायकलच्या ब्रेकची तार यांतून पहिली गिटार करणारे इब्राहिम यांच्यांतलेच. १९७९ च्या सुमारास तामानरास्सेत येथें त्यांचा जो मेळ जमला, तोच पुढें 'तिनारीवेन', म्हणजे 'वाळवंटें', या नांवानें प्रसिद्धीस आला. गद्दाफीच्या लष्करी छावण्यांतहि यांतील कित्येक राहिले. त्यांचीं गाणीं कॅसेटींवरून हातोहात फिरत.

या गाण्यांची घडण पाहावी. एक सूर सतत खालीं धरलेला. त्यावर चारपांच स्वरांत फिरणारी गिटारीची आंखूड ओळ, पुनःपुन्हां तिथेंच परत येणारी. गायकाचा आवाज दबलेला, जवळजवळ बोलण्यासारखा. आणि त्याला मागच्या मंडळींचें एकमुखी उत्तर व टाळ्या. यांतील गिटार इम्झादचें काम करते आणि टाळ्यांचा ठेका तेंद्याची जागा घेतो. मोरोक्को व अल्जीरियांतील नवीं गाणीं व पाश्चात्य रॉक यांचा संस्कार त्यावर झाला आहे, हें खरें. पण कित्येक टीकाकार याला अमेरिकन ब्लूजची शाखा ठरवितात, तें आम्हांला घाईचें वाटतें. घराबाहेर पडलेल्या पुरुषांजवळ इम्झाद वाजविणारी स्त्री नव्हती. तिची उणीव त्यांनीं गिटारीनें भरून काढली, असें म्हणणें सत्याला अधिक धरून होईल.

यावर कोणी म्हणेल, १९९० च्या बंडांत हींच गाणीं तरुणांना शस्त्र धरावयास सांगत नव्हतीं काय? सांगत होतीं. परंतु ज्याच्यासाठीं शस्त्र धरावयाचें, तें हरवलेलें घर, विहीर, आणि दुरावलेलीं माणसें हाच त्यांचा विषय होता. याचा कठोर पुरावा २०१२ सालानें दिला. १९९० च्या बंडाचा पुढारी इयाद अग घाली हाच त्या वर्षीं 'अन्सार दीन' या कडव्या संघटनेचा म्होरक्या म्हणून पुढें आला, आणि त्याच्या व त्याच्या साथीदारांच्या अमलाखालीं उत्तर मालींत संगीतावरच बंदी आली. त्याच वर्षाच्या आरंभीं तिंबक्तूजवळ वाळवंटाचा प्रसिद्ध संगीतमेळा भरला होता. पुढच्या वर्षीं तो तेथें भरूं शकला नाहीं. तुआरेगानेंच तुआरेगाचें गाणें थांबवावें, ही घटना ज्यांनीं या संगीताला केवळ युद्धाचें अपत्य मानलें त्यांना उलगडणार नाहीं. बंदूक गाण्यावांचून राहूं शकते, आणि गाणेंहि बंदुकीवांचून राहूं शकतें.

या दृष्टीनें ध्वनिमुद्रिकांची पारख केली तर २००१ सालीं प्रसिद्ध झालेला, किदालच्या रेडिओ केंद्रांत मुद्रित केलेला तिनारीवेनचा पहिला संग्रह आम्हांला आजहि सरस वाटतो. त्यांत ओबडधोबडपणा आहे, पण माणसें एकमेकांसाठीं गात आहेत. २०११ च्या 'तस्सिली'ला अमेरिकेंतील ग्रॅमी पारितोषिक मिळालें. साध्या, विजेवांचून वाजणाऱ्या गिटारींकडे वळण्यांत त्यांनीं उत्तम विवेक दाखविला. परंतु पाहुण्या वादकांची पितळी वाद्यें मात्र अंगावर उसना शेला घ्यावा तशीं दिसतात. नायजरचे म्दू मोक्तार यांची २०२४ ची 'न्यायाची अंत्ययात्रा' या अर्थाच्या नांवाची मुद्रिका तर उघड रौद्र आहे. तिचा आवेश खरा आहे व तिची तक्रारहि खरी आहे. पण असूफला लागणारा अवकाश त्या वेगांत उरत नाहीं.

आम्हांला अधिक आशा वाटते ती स्त्रियांच्या मेळांकडे पाहून. निर्वासितांच्या छावण्यांतून १९९५ सालीं 'तार्तित' हा मेळ उभा राहिला. नायजरमधील इलिघादाद गांवच्या फातू सैदी घाली यांनीं भावाच्या गिटारीवर हात बसविला, आणि आपल्या मैत्रिणींसह तेंदे व गिटार एकाच बैठकींत आणलीं. स्त्रियांच्या वाद्यांतून पुरुषांच्या गिटारींत गेलेला सूर असा स्वगृहीं परतला आहे. इम्झादला युनेस्कोनें २०१३ सालीं मानवजातीच्या वारशांत स्थान दिलें हें योग्यच झालें. पण यादींतील मान आणि राहुटींतील मान यांत अंतर आहे. त्या एका तारेजवळ बसून शिकणाऱ्या मुली असतील, तरच वाद्य टिकेल.

तमाशेक भाषा न जाणणाऱ्या आमच्यासारख्यांना या गाण्यांतील अर्धी गोडी कायमची परकीच राहणार. तरीहि वाचकांना आमची एवढीच सूचना आहे कीं, बंदुकीचें चित्र क्षणभर बाजूस ठेवून त्यांनीं मागून येणारें तें एकमुखी उत्तर ऐकावें. एकट्या आवाजाला दहा आवाज मिळतात, आणि तेवढ्या वेळेपुरतें तरी ओसाड रान राहुटीपासून दूर सरतें.