शरण कोण गेलं, घर कुणी चालवलं?

छावणीतल्या चर्चमध्ये ऐका किंवा रात्री अंथरुणात पडून मोबाइलवर ऐका, 'साक्ष' सुरू झाली की पहिल्या दोन मिनिटांत तिचा साचा कळतो. आधी व्यसन, कर्ज किंवा आजार. मग एक रात्र, गुडघे टेकून केलेली प्रार्थना, 'प्रभू, सगळं तुझ्या हाती' आणि त्यानंतरची शांती. सांगणारा खोटं बोलत असतो असं मला कधीच वाटलं नाही. खटकतं ते वेगळंच. या गोष्टीत घर नसतं. बायको एका वाक्यापुरती येते, 'तिनंही खूप सोसलं' एवढं ऐकवून जाते, आणि टाळ्या पडतात.

अशा साक्षी ऐकून घरी आलं की मला लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' उघडावंसं वाटतं. पहिला भाग १९३४ साली आला. मराठीतलं एक श्रेष्ठ आत्मचरित्र म्हणून आपण ते शाळेपासून ऐकत आलोय. त्यातले विनोदी प्रसंग पाठ्यपुस्तकात येतात, अभिवाचनांत हशा पिकवतात. पण श्रद्धा, विश्वास, समर्पण या शब्दांचा हिशेब मराठीत कुणी रोखठोक मांडला असेल, तर तो याच पुस्तकात आहे. विनोदाच्या कौतुकात ही गोष्ट झाकली गेली.

नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आपल्या नेहमीच्या साक्षीत इथे गोष्ट संपली असती. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात इथे खरी सुरू होते. नवरा गेला तो देवाकडे गेला, पण मागे राहिलेली बाई ना सधवा, ना विधवा. पदरात लहानगा दत्तू. बहिणीच्या घरचा आधार, पंढरपुरातले दिवस, लोकांच्या नजरा. जवळजवळ पाच वर्षं हे चाललं. टिळकांनी स्वतःचं सर्वस्व ख्रिस्ताच्या पायी वाहिलं हे खरंच, पण त्या सर्वस्वात एक बाई आणि एक मूलही होतं, आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं. लक्ष्मीबाई हे वाक्य असं कुठेही लिहीत नाहीत. त्या फक्त काय काय घडलं ते सांगत जातात.

टिळकांची गाणी आजही मराठी चर्चमध्ये गायली जातात. 'उपासना संगीत' हातात घेणाऱ्याला त्यांचं नाव टाळता येत नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत, आणि भजन-कीर्तन चर्चमध्ये आणण्याचं मोठं श्रेय त्यांचंच. त्यांच्या अभंगांतला भक्त स्वतःला पूर्ण विसर्जित करतो. 'मी'ला जागाच उरत नाही. ऐकताना डोळे भरून येतात, माझेही येतात. पण अभंगांशेजारी 'स्मृतिचित्रे' ठेवून वाचा. ज्या हातांनी देवाला सगळं दिलं, त्याच हातांतून घरखर्चाचे पैसेही सुटत होते. मिळालेला पैसा घरी पोचेलच याची खात्री नाही, दारात आलेल्याला घरातलं काय देऊन टाकलं जाईल याचीही नाही. टिळक विश्वासावर जगत होते. लक्ष्मीबाई टिळकांच्या त्या विश्वासावर स्वयंपाक करत होत्या. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणणारी ती कल्पना माझ्या मते आजही आपल्या कितीतरी मंडळ्यांच्या पुढे आहे. तरी पगार बंद झाला की चुलीला कळतंच.

मग लक्ष्मीबाईंचा स्वतःचा विश्वास कसा वाढला? इथे हे पुस्तक साक्षीचा साचा सरळ मोडतं. त्या एका रात्रीत बदलत नाहीत. नवऱ्याकडे परतल्या तरी आधी सोवळं सांभाळूनच राहतात. ज्या बापाच्या घरी बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय आत येत नव्हती, त्या घरातली ही मुलगी. एके दिवशी ती स्वतःशीच विचार करत बसते: जात देवानं केली की माणसानं? देवानं केली असती तर माणसांच्या शरीरांत काही फरक दिसला असता. उत्तर सापडतं आणि ती ठरवते की आता कुणाच्याही हातचं खायचं. दर्शन नाही, अश्रू नाहीत. हे डोकं चालवून केलेलं समर्पण आहे. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. पुढे नगरच्या प्लेगच्या छावणीत रोग्यांची सेवा, दुष्काळातली पोरकी मुलं सांभाळणं, हे सगळं त्यांनी केलं, आणि लिहिताना त्याला 'सेवा' असं भारदस्त नाव देण्याची घाईही केली नाही. मुलं होती, त्यांना जेवायला हवं होतं.

पंडिता रमाबाईंचंही काहीसं असंच. बाप्तिस्मा १८८३ चा, इंग्लंडमधला. पण आपल्याला धर्म मिळाला होता, ख्रिस्त नंतर भेटला, असं त्यांनी १९०७ च्या आपल्या साक्षीत कबूल केलं. मधे गेलेली वर्षं त्यांनी लपवली नाहीत, म्हणून ती साक्ष मला मोठी वाटते.

या दोघींच्या खूप आधी, आपल्याच जिल्ह्यात एका बाईनं असा हिशेब मांडून ठेवलाय. कन्नड तालुक्यातल्या देवगावात १६२८ साली जन्मलेली, वैजापूर तालुक्यातल्या शिऊरला समाधी असलेली संत बहिणाबाई. शहरातून गाडी काढली तर तास-दीड तासाची वाट. तिनं अभंगांतून स्वतःचं आयुष्य सांगितलं. नवरा वयानं कितीतरी मोठा, वेदपाठी ब्राह्मण. कोल्हापुरात असताना लाडकं वासरू मेलं, त्या दुःखात तुकोबा स्वप्नात आले, आणि तिनं त्यांना गुरू मानलं. ब्राह्मणाच्या बायकोनं शूद्राला गुरू करायचं! नवऱ्यानं मारलं, घर सोडून जायला निघाला. लक्ष्मीबाईंच्या गोष्टीशी ताडून पाहा, फासा बरोबर उलटा पडलाय. तिथे नवरा शरण जातो आणि बायको भोगते. इथे बायको शरण जाते आणि तरीही बायकोच भोगते. पुढे नवरा बदलतो, दोघं देहूला जातात, पण बहिणाबाई पतिव्रतेच्या धर्माचे अभंगही लिहिते. आजच्या वाचकाला ते टोचतात. मला ते तडजोडीपेक्षा वाटाघाटीसारखे वाटतात: देव हवा असेल तर घराला काहीतरी द्यावं लागतंय. जाता जाता, या अभंगांचा इंग्रजी अनुवाद १९२९ मध्ये आला तो जस्टिन अॅबट यांचा, म्हणजे टिळक ज्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये होते तिथल्याच मिशनऱ्याचा.

'स्मृतिचित्रे'वर माझे दोन आक्षेप आहेत. पहिला असा की, बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाईंची प्रार्थना आपल्याला फारशी ऐकूच येत नाही. नवऱ्याच्या विसरभोळेपणाचे, रागाचे प्रसंग रंगतात. स्वतःच्या अंतर्मनाचं दार मात्र जेमतेम किलकिलं होतं. आणि विनोद टिळकांना फार स्वस्तात सोडतो. आपण हसतो आणि माफ करून टाकतो. बाईंनी माफ केलं तो त्यांचा अधिकार, पण वाचकांनी इतक्या झटपट का करावं?

दुसरा आक्षेप पुस्तकावर कमी आणि आपल्यावर जास्त आहे. टिळक, लक्ष्मीबाई, रमाबाई: मराठी ख्रिस्ती विश्वासाची आपल्याला पाठ असलेली सगळी नावं ब्राह्मण घरांतली. त्यांनी काय सोडलं हे चटकन दिसतं, म्हणून त्यांचं समर्पण लगेच 'साहित्य' ठरतं. मराठवाड्यातल्या चर्चच्या बाकांवर बसणाऱ्यांपैकी कितीतरी घरं महार-मांग वस्त्यांतून आलेली. त्यांच्या पणज्यांकडे सोडायला सोवळं नव्हतं, विहीरही नव्हती. त्यांनी विश्वास ठेवला तेव्हा काय पणाला लागलं होतं? त्याची किंमत तर कागदावर आहे: १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. शिखांना तो १९५६ मध्ये मिळाला, बौद्धांना १९९० मध्ये. म्हणून कागदावर एक धर्म आणि रविवारी दुसरा, अशी घरं असतात. चर्चमध्ये त्याबद्दल कुजबुज होते, साक्ष होत नाही. दाखला हातात धरून 'प्रभू, सगळं तुझ्या हाती' म्हणताना एखाद्या आईच्या मनात काय येत असेल, ते लिहिणारं पुस्तक मला अजून वाचायचंय. ते लक्ष्मीबाईंच्याच पद्धतीनं लिहिलेलं हवं: आधी डब्यात पीठ किती होतं ते सांगणारं.

टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' अर्धवट राहिलं होतं, थोडेच अध्याय झाले होते. ज्यांना टिळकांनीच लिहा-वाचायला शिकवलं होतं, त्या लक्ष्मीबाईंनी उरलेलं सगळं ओवीबद्ध केलं. १९३६ मध्ये त्या गेल्या तेव्हा 'स्मृतिचित्रे'चा चौथा भाग अपुरा होता. तो दत्तूनं पुरा केला.