जलोदराची संहितोक्त चिकित्सा आणि आधुनिक मूत्रल औषधे : एक चिकित्सक आकलन

प्रस्तावना : आधुनिक वैद्यक जे सांगते ते आपल्या प्राचीन ग्रंथांत आधीच आहे, असे विधान चर्चासत्रांतून वारंवार केले जाते. यकृतविकारात उद्भवणाऱ्या जलोदराच्या संदर्भात हे विधान तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन : यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादित केलेली सुश्रुतसंहिता मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने १९३८ मध्ये प्रसिद्ध केली. तिच्या चिकित्सास्थानाच्या चौदाव्या अध्यायात नाभीखाली डावीकडे वेध करून नळीने उदरातील पाणी काढण्याचा विधी आहे. मात्र सर्व पाणी एकाच दिवशी काढू नये. काढल्यास तहान, ज्वर, श्वास आदी उपद्रव होतात, असेही तेथे बजावले आहे. चरकाने पुढे दीर्घकाळ दूध व नंतर अलवण अन्न सांगितले आहे.

आधुनिक चिकित्सेतही मिठावर नियंत्रण आहेच. त्याच्या जोडीला स्पायरोनोलॅक्टोन व फ्युरोसेमाइड सामान्यतः १०० व ४० मिलिग्रॅम या प्रमाणात दिली जातात. उदरातील पाणी रक्तात परतण्याचा वेग मर्यादित असतो. लघवी त्याहून अधिक झाली तर रक्ताभिसरणातील द्रव घटतो, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी होतो आणि क्रिएटिनिन वाढते. म्हणूनच पायांवर सूज नसलेल्या रुग्णाचे वजन दिवसाला साधारण अर्ध्या किलोपेक्षा अधिक घटू देत नाहीत. पाच लिटरांहून अधिक पाणी एकदम काढल्यास प्रतिलिटर सुमारे आठ ग्रॅम अल्ब्युमिन शिरेतून देतात.

तेव्हा खरे साम्य औषधांत नसून संयमात आहे. परंतु साम्य म्हणजे समानता नव्हे. संहिताकारांनी उपद्रव पाहिले. त्यांचे मूत्रपिंडाशी असलेले नाते मोजण्याचे साधन त्यांच्याजवळ नव्हते. शिवाय चरकाने उदररोगात नित्य विरेचन सांगितले आहे. 'दोन्ही शास्त्रे एकच' असे समजून लघवीच्या गोळ्यांसोबत रेचक चूर्ण घेणाऱ्या रुग्णाच्या शरीरातील पाणी दोन वाटांनी जाते आणि मूत्रपिंडावरील संकट दुणावते. वेदनाशामक गोळ्या त्यात आणखी भर घालतात.

निष्कर्ष : प्राचीन ग्रंथांचा गौरव त्यांच्या निरीक्षणासाठी जरूर व्हावा, तथापि तो सोडियम व क्रिएटिनिनच्या तपासणीला पर्याय ठरू नये. 'सावकाश' हा सुश्रुताचा इशारा आजही मोलाचा आहे. किती सावकाश, हे मात्र रक्ततपासणी व वजनकाटाच सांगू शकतो.