अर्ध्या डावाचा मोह

खेळावरील ग्रंथांस वाङ्मयाच्या पंक्तींत बसवावें कीं नाहीं, असा प्रश्न कोणी केल्यास आमचें उत्तर असें कीं, ज्या लेखनांत मनुष्याच्या विवेकाचा व मोहाचा विचार आहे, तें टीकाकारानें वर्ज्य मानूं नये. पोकर या पत्त्यांच्या खेळावर अमेरिकेंत असें लेखन विपुल झालें आहे. रे झी यांचें १९९२ मधील पुस्तक, तसेंच डॉयल ब्रन्सन यांच्या २००५ मधील ग्रंथांत टॉड ब्रन्सन यांनीं लिहिलेलें प्रकरण, यांत ‘सेव्हन-कार्ड स्टड हाय-लो’ या प्रकाराची चर्चा आहे.

या खेळांत प्रत्येकास सात पत्ते मिळतात. पहिले दोन झांकलेले, तिसरा उघडा. जमलेल्या रकमेचा अर्धा वाटा सर्वांत वरच्या पांच पत्त्यांस व अर्धा सर्वांत खालच्या पांचांस जातो. मात्र खालचे पांचही भिन्न व अठ्ठीपर्यंतचेच हवेत. तसे कोणाचेच नसल्यास सर्व रक्कम वरच्याची. एक्का दोन्हीकडे चालतो.

पहिले तीन पत्ते पाहून डावांत राहावें कीं उठावें, हाच या शास्त्राचा गाभा. त्यामागील हिशेब साधा आहे. तिघांनीं शंभर-शंभर रुपये घातले, तर अर्धा वाटा दीडशेंचा, म्हणजे नफा पन्नासाचा. सर्व रक्कम मिळाल्यास नफा दोनशेंचा. संपूर्ण विजय अर्ध्याच्या दुप्पट वाटतो, पण असतो चौपट! दोघेच असतील तर अर्ध्या वांट्यांत केवळ आपलेच पैसे परत येतात. म्हणून तिर्री, चव्वी, पंजी असे एकरंगी पत्ते, किंवा एक्क्यांची जोडी व एक लहान पत्ता, यांचें महत्त्व. त्यांचें तोंड दोन्ही वांट्यांकडे असतें.

तीन पत्त्यांचे एकूण २२,१०० संच होतात. त्यांत अठ्ठीपर्यंतचे तीन भिन्न पत्ते असलेले ३,५८४, म्हणजे सुमारें सहांत एक. परंतु त्यांतही दुर्री, सत्ती, अठ्ठी असा भिन्नरंगी संच नवशिक्यास फसवितो. त्यांतून खालचा हात जमलाच तर तो बहुधा अठ्ठीचा. दुसऱ्याचा त्याहून सरस निघतो, आणि वरच्या वांट्याची आशा तर मुळांतच थोडी.

आमचा आक्षेप आहे तो पत्त्यांची प्रतवारी लावण्याच्या रूढ रीतीवर. यादी पाठ करण्यास सोपी, म्हणून वाचक तेवढीच उचलतो आणि समोर उघडे पडलेले पत्ते पाहण्याचें विसरतो. तिर्री-चव्वी-पंजी हातीं असली, तरी दुऱ्या व छक्क्या दुसऱ्यांपुढें पडल्या असतील तर तिचें तेज उतरलेंच. उलट बादशहांची जोडी यादींत खालीं असली, तरी सर्वांपुढें मोठे पत्ते दिसत असतां खालचा वांटा निघण्याचा संभव घटतो, आणि तीच जोडी सबंध रकमेवर हक्क सांगूं लागते. पत्त्याचें मोल परिस्थितीनें ठरतें, हें तत्त्व ज्या लेखनांत यादीच्या अगोदर येईल, तेंच आम्ही उत्तम मानूं.

सर्वनाश समोर असतां शहाणा अर्धें सोडतो, असें एक सुभाषित सांगतें. येथें मात्र अर्ध्याच्या आशेनेंच मनुष्य डावांमागून डाव बसून राहतो, आणि सर्वनाश हळूहळू जवळ येतो. वेळेवर पत्ते खालीं ठेवणें हें ज्यास साधलें, त्यास या ग्रंथांतील निम्में ज्ञान न वाचतांच लाभलें.