जोडाचं कलम

‘ऑरेंज बुक’ हा ग्रंथ कुणी रस घेऊन वाचत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची रस्ते-पुलांच्या कामांची ही मानकं. पाचवी आवृत्ती २०१३ची. त्यात डांबरी थरांच्या सर्वसाधारण नियमांत जोडांविषयी एक छोटं कलम आहे. रस्ता कुठून फाटायला लागतो हे लिहिणाऱ्याने नीट पाहिलेलं आहे, म्हणून ते मला आवडतं.

डांबरी थर घालणारा पेव्हर सहसा एका वेळी एकच पट्टी अंथरतो. तिची आतली कड मोकळी असते. रोलर चढला की तिथला माल दबण्याऐवजी बाजूला सरकतो आणि भुसभुशीत राहतो. शेजारची पट्टी येईपर्यंत कड गार होते, मग नवा गरम माल तिला धड धरत नाही. जोडाच्या त्या रेघेतून पाणी मुरतं, खडी सुटते आणि रस्त्याच्या लांबीभर चीर पडते.

कलम ही कारणं सांगत बसत नाही, थेट तीन वाटा देतं. पहिली म्हणजे कड हीटरने तापवणं, किमान ७५ मिलिमीटर रुंदीत आणि थराच्या पूर्ण खोलीपर्यंत. ‘पूर्ण खोली’ची अट नेमकी आहे, कारण वरवर भाजलेली कड काळीशार दिसते, पण आत गारच असते. दुसरी वाट दोन पेव्हर मागेपुढे चालवून दोन्ही पट्ट्या गरम असतानाच दाबण्याची. उत्तम उपाय, पण ‘शक्य असेल तिथे’. अर्ध्या रस्त्यावरून वाहनं सोडायची असली की ते शक्य नसतंच.

माझी आवडती तिसरी. थराची जेवढी जाडी, तेवढी कड मागे कापायची. ५० मिलिमीटरचा थर, तर ५० मिलिमीटर. काप सरळ उभा हवा; सुटलेला माल फेकून द्यायचा, उभ्या अंगाला सगळीकडे डांबर लावायचं आणि मगच पुढची पट्टी टाकायची. पैसे मोजून अंथरलेला माल कंत्राटदाराने आपल्याच हाताने उचलायचा! म्हणूनच साइटवर ही वाट सगळ्यांत आधी विसरली जाते.

याच कलमात आणखी एक शहाणपण आहे. वरचा जोड खालच्या थराच्या समांतर जोडापासून किमान २५० मिलिमीटर सरकवायचा, आणि चाकांच्या वाटेत तो कधीच येऊ द्यायचा नाही. इतकं करूनही जोड थोडा कच्चा राहणार, हे लिहिणाऱ्याने ओळखलेलं दिसतं.

कमी आहे ती एकाच गोष्टीची. जोड कसा करायचा ते कलम सांगतं, तो किती घट्ट बसला पाहिजे याचा आकडा देत नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यांत जोडावरच कोअर, म्हणजे थराचा दंडगोल नमुना, काढून घनता तपासतात आणि त्यावर कंत्राटदाराचे पैसे कमी-जास्त होतात. पुढच्या आवृत्तीत तेवढी एक ओळ घालावी.