वाणिज्य-व्यवस्थापन शिक्षण: प्रतिमान कोणाचे?

व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम कसा आखावा आणि कसा सुधारावा, याची प्रतिमाने आज आपल्या महाविद्यालयांत मुबलक झाली आहेत. उद्दिष्टांचे तक्ते आहेत, फलनिष्पत्तीचे आकडे आहेत, मूल्यमापनाच्या पायऱ्या आहेत. मी वाणिज्य शाखेचा अध्यापक आहे आणि हे तक्ते भरणे हा माझ्या नोकरीचाच भाग आहे. ही 'तांत्रिक बाब' आहे असे समजून आपल्या चळवळीने तिची समीक्षा कधी केली नाही. आपण पाठ्यपुस्तकातल्या कवितेवर भांडलो, इतिहासाच्या धड्यावर भांडलो. ताळेबंदावर आणि 'मनुष्यबळ व्यवस्थापना'वर भांडलो नाही. वास्तविक आपली हजारो मुले आज साहित्याच्या नव्हे, बी.कॉम. आणि बी.बी.ए.च्या वर्गात बसलेली आहेत.

काही कार्यकर्ते मित्र म्हणतात, हे शिक्षण मुळात भांडवलदारांचे, त्याची कसली समीक्षा? मला हे मान्य नाही. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५३ साली मुंबईत सिद्धार्थ वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय सुरू केले, ते काय शत्रूचे शास्त्र शिकवण्यासाठी?

दोष मुळातल्या प्रतिमानात आहे असेही सरसकट म्हणता येणार नाही. राल्फ टायलर या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९४९ साली अभ्यासक्रम-रचनेचे चार प्रश्न मांडले. कोणती उद्दिष्टे गाठायची? त्यासाठी कोणते अनुभव द्यायचे? ते कसे संघटित करायचे? आणि उद्दिष्टे गाठली की नाही हे कसे तपासायचे? आज आपल्याकडे फलाधारित शिक्षण म्हणून जे चालते त्याचे मूळ बव्हंशी इथे आहे. पण उद्दिष्टे आणायची कुठून, याचे टायलरने दिलेले उत्तर आपल्याकडे कोणी वाचत नाही. त्याने तीन उगम सांगितले: शिकणाऱ्याचा अभ्यास, भोवतालच्या समकालीन जीवनाचा अभ्यास आणि विषयतज्ज्ञांचे म्हणणे. शिकणारा पहिला आहे, हे ध्यानात घ्यावे.

आमच्याकडे काय होते? बैठकीला उद्योगजगताचे एक प्रतिनिधी असतात. त्यांना काय हवे ते विचारले जाते. म्हणजे 'समकालीन जीवना'चा अर्थ कारखानदाराची गरज एवढाच उरला. विषयतज्ज्ञ म्हणजे दुसऱ्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम समोर ठेवून उतरवून घेणारे आम्ही. आणि शिकणारा? तो सकाळी पेपर टाकून, नाहीतर रात्रपाळी करून वर्गात येतो, त्याचा अभ्यास कोणी केलेला नसतो. तरीही प्रत्येक घटकासमोर १, २, ३ असे आकडे लिहून उद्दिष्टे आणि फलनिष्पत्ती यांचा सांधा जुळवला जातो. समिती येण्याच्या आधीच्या आठवड्यात हा सांधा विशेष चांगला जुळतो!

या तक्त्यांत 'मंदगतीने शिकणारे' असा एक वर्ग असतो. त्यात कोणाची नावे येतात हे मी सांगण्याची गरज नाही. इथे मला बाबासाहेबांची आठवण होते. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९२० पर्यंत तिथे होते. प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याला त्यांनी स्पर्श करू नये म्हणून काही सहकाऱ्यांनी हरकत घेतल्याची हकीकत धनंजय कीरांच्या चरित्रात आहे. ती आपण दर १४ एप्रिलला सांगतो. पण त्याच १९१८ साली प्रसिद्ध झालेला, भारतातील लहान शेतजमिनींवरचा त्यांचा निबंध आपल्यापैकी किती जणांनी वाचला आहे?

शेत लहान म्हणून ते तोट्याचे, असे तेव्हाचे बहुतेक जाणकार मानत. बाबासाहेबांनी तो विचार उलटा केला. शेत किफायतशीर आहे की नाही, हे एकरांवर ठरत नाही. त्या जमिनीला जोडलेले भांडवल, अवजारे, बैल आणि श्रम यांच्या प्रमाणावर ते ठरते. अवजारेच अपुरी असतील तर आहे ते लहान शेतसुद्धा पेलवणार नाही इतके मोठे ठरेल. तेव्हा नुसते तुकडे जोडून भागणार नाही. शेतीवरचा माणसांचा भार उद्योगधंद्यांकडे वळवला पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

मला हे अभ्यासक्रम-रचनेचेच प्रतिमान वाटते. विद्यार्थी 'कच्चा' आहे हे आपण एकरांवर ठरवतो: इंग्रजी किती येते, बारावीला गुण किती. त्याच्याजवळचे भांडवल कोण मोजतो? घरात अभ्यासाला कोपरा आहे का, दिवसाचे किती तास त्याचे स्वतःचे आहेत, ज्याला धनादेश म्हणजे काय हे विचारता येईल असा एक तरी माणूस नात्यात आहे का? हे न मोजता सुट्टीच्या दिवशी जादा तास लावणे म्हणजे अवजारे न देता एकर वाढवणे. ज्याला रविवारी कामावर जावेच लागते, त्याला तो जादा तास ओझेच होतो.

आता शिकवण्याच्या पद्धतीकडे वळू. हार्वर्डच्या व्यवस्थापनशाळेने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत प्रसंग-अभ्यासाची पद्धत रूढ केली. १९६१ साली अहमदाबादची व्यवस्थापनसंस्था हार्वर्डच्या सहकार्याने उभी राहिली, तेव्हा ती पद्धत आपल्याकडे आली आणि झिरपत झिरपत तालुक्याच्या कॉलेजापर्यंत पोहोचली. पद्धत चांगली आहे. नुसत्या व्याख्या घोकण्यापेक्षा शंभर पटीने चांगली. पण प्रत्येक प्रसंगात विद्यार्थ्याला एकाच खुर्चीत बसवले जाते: तुम्ही व्यवस्थापक आहात, निर्णय घ्या. संप झाला तर तो व्यवस्थापकाची अडचण म्हणून, मजुरी वाढली तर ती खर्च म्हणून. बापाची मजुरी मुलाने 'खर्च' या सदरात टाकायची आणि ती कशी कमी होईल हे लिहून दहापैकी आठ गुण मिळवायचे.

माझे वडील बाजार समितीत हमाली करीत. घरात पदवी घेतलेला मी पहिला. अडत, तोलाई, हमाली, पट्टी यांचा हिशेब वडिलांना बोटांवर येत असे. मी तो पुढे 'वितरण व्यवस्था' या नावाने शिकलो आणि त्यात हमाल कुठेच नव्हता. गंमत अशी की महाराष्ट्राने व्यवस्थापनशास्त्राला दिलेली एक अस्सल रचना नेमकी त्याच्याच पाठीवरून आलेली आहे. हमाल एका दिवसात पाच-सात दुकानांचा माल उचलतो. मग त्याचा मालक कोण? भविष्यनिर्वाह निधी कोणी भरायचा? अण्णासाहेब पाटील, बाबा आढाव यांच्यासारख्यांनी हमालांना संघटित केले आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. व्यापारी आणि कामगार दोघांनीही मंडळाकडे नोंदणी करायची. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर ठरलेल्या टक्क्यांनी लेव्ही मंडळाकडे भरायची. मंडळाने मजुरी वाटायची आणि लेव्हीतून निधी, उपदान, औषधपाणी सांभाळायचे. मालक अनेक असूनही कामगाराला एक घर मिळाले. आज घरोघरी पार्सल पोहोचवणाऱ्या मुलांचा मालक कोण, असा प्रश्न पडतो, त्याचा विचार आपल्याकडे पन्नास वर्षांपूर्वीच झालेला होता. मंडळांच्या कारभारात भ्रष्टाचार आहे, बोगस टोळ्या आहेत, हेही खरे. मग तोच तर उत्तम प्रसंग-अभ्यास! पण माझ्या पाहण्यातल्या एकाही व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकात त्यावर पानभर मजकूर नाही.

राहिला शेवटचा टप्पा, परिणाम तपासण्याचा. डोनाल्ड कर्कपॅट्रिकने १९५९ साली प्रशिक्षण तपासण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या: प्रतिक्रिया, अध्ययन, वर्तन, परिणाम. आमच्याकडे पहिली म्हणजे अभिप्रायाचा कागद आणि चौथी म्हणजे किती जणांना नोकरी लागली. नोकरी लागली नाही तर उणीव विद्यार्थ्याच्या 'सॉफ्ट स्किल्स'मध्ये. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खाजगी कंपन्यांना पाठवून पाहिले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दलित नावाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाहून स्पष्टपणे कमी आढळली. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी भरती करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. हे अधिकारी गुणवत्तेची भाषा बोलतात आणि उमेदवाराला त्याची 'कौटुंबिक पार्श्वभूमी' विचारतात. यावर संभाषणकौशल्याचा कोणता वर्ग काढायचा? तपासणी करायचीच तर ती दोन्ही बाजूंनी करा. कंपनी कॉलेजात आली की तिने किती अर्ज घेतले, किती जणांना मुलाखतीला बोलावले, कोणाला कोणत्या टप्प्यावर वगळले, याची नोंद कॉलेजाने ठेवावी. तक्त्यात तेवढा एक रकाना वाढेल.

अभ्यासमंडळापुढे मी दोन गोष्टी लेखी ठेवल्या आहेत. प्रथम वर्षाच्या पहिल्या महिन्यात विद्यार्थ्यांचे कामाचे तास आणि प्रवास यांची पाहणी करावी आणि वेळापत्रक त्यानंतर ठरवावे. आणि मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या प्रश्नपत्रिकेत माथाडी मंडळावर एक सक्तीचा प्रश्न असावा, हमालाच्या बाजूने सोडवायचा. पहिली सूचना 'विचारार्थ' ठेवली गेली. दुसरीवर एका सदस्यांनी विचारले, याचे पुस्तक कुठे आहे? पुस्तक नाही. विद्यार्थ्यांना बाजार समितीत पाठवून, पट्ट्या गोळा करून, हमालांशी बोलून ते आपल्यालाच लिहावे लागेल. ज्या अध्यापक मित्रांच्या गावी बाजार समिती आहे, त्यांनी या कामात यावे.