बादली घेऊन धावलेली मुलगी

२९ जून १९०५. पहाटेचे साडेतीन वाजले आहेत. पुणे–दौंड लोहमार्गावरच्या केडगावात, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुली ओळीने निजल्या आहेत. एकीला जाग येते. पाहते तो शेजारची मुलगी ज्वाळांनी वेढलेली. ही ओरडत बसत नाही. खोलीच्या दुसऱ्या टोकाला धावते, पाण्याची बादली उचलते, परत येते, आता ओतणार तोच तिच्या लक्षात येते की शेजारीण जळतच नाही.

ही हकीकत मिनी एब्रम्स या अमेरिकन मिशनरी बाईंनी लिहून ठेवली आहे. पुढच्या तासाभरात आवारातल्या बहुतेक तरुण मुली जाग्या होऊन रडत, पापांची कबुली देत, प्रार्थना करत एकत्र जमल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय शिकवत असताना तेच पुन्हा घडले. मग महिनोन्‌महिने ही आत्मिक जागृती चालली. १९०६ मध्ये मुली अन्य भाषांत बोलू लागल्याच्या नोंदी येतात. दौंडला मुलांचा अनाथाश्रम चालवणारे अल्बर्ट नॉर्टन केडगावला गेले, तेव्हा इंग्रजीचा गंध नसलेली एक बाई स्पष्ट इंग्रजीत प्रार्थना करताना त्यांनी ऐकली, असे त्यांनी लिहिले आहे. एब्रम्सबाईंनी या साऱ्यावर लिहिलेली पुस्तिका त्यांच्या एका जुन्या सहाध्यायिनीच्या हाती चिली देशात पडली आणि १९०९ मध्ये तिथल्या पेंटेकोस्टल चळवळीला तिने चालना दिली. जगभर या चळवळीचा उगम म्हणून लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटचे नाव घेतात. तिथली सुरुवात एप्रिल १९०६ ची. केडगावची मुलगी बादली घेऊन धावली ती त्याच्या सुमारे दहा महिने आधी.

रहस्यकादंबरीच्या पहिल्या प्रकरणाला आणखी काय हवे? मध्यंतरी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानात मी ‘ख्रिस्ती ऐतिहासिक रहस्यकादंबरी’ मागून पाहिली. दुकानदाराने क्षणभर विचार केला आणि ‘दा विंची कोड’चा मराठी अनुवाद पुढे केला. त्याची चूक नव्हती. इंग्रजीत या प्रकाराची कपाटेच्या कपाटे आहेत. फ्रँक पेरेटीची ‘धिस प्रेझेंट डार्कनेस’ १९८६ मध्ये आली. मग १९९५ पासून ‘लेफ्ट बिहाइंड’ मालिकेचे सोळा खंड निघाले. कुणाला संदेश मिळतो, कुणाच्या हातून रोगी बरे होतात, कुणाला दुष्ट शक्ती ओळखता येते, अशा विश्वासणाऱ्यांची टोळी आणि तिच्या मागे लागलेला शत्रू, हा तिथला हुकमी साचा आहे. आपल्याकडे साहित्य भरपूर, घटना भरपूर, फक्त हा प्रकार रुजला नाही. तो का रुजला नाही, हे तपासण्यासारखे आहे.

पहिला अडथळा घरातलाच आहे. मराठी ख्रिस्ती मंडळीत वाढलेल्या कुणालाही ‘साक्ष’ ठाऊक असते. घरगुती प्रार्थनेत कुणीतरी उठतो आणि सांगतो: आजारी होतो, डॉक्टरांनी हात टेकले, मंडळीने प्रार्थना केली, बरा झालो. ऐकणारे ‘आमेन’ म्हणतात. साक्षीचा शेवट ऐकणाऱ्याला पहिल्या वाक्यातच कळलेला असतो, कारण सांगणारा समोर धडधाकट उभा असतो. भक्तीच्या दृष्टीने हे बळ आहे; गोष्टीच्या दृष्टीने मात्र उत्कंठा तिथेच संपते. मराठी ख्रिस्ती गद्य याच साक्षीच्या मुशीत घडले. बाबा पदमनजींचे आत्मचरित्र ‘अरुणोदय’ ही साक्षच. रमाबाईंच्या पुस्तकाचे तर नावच ‘माझी साक्ष’.

गंमत अशी की, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचे नाव घेतले जाते ती पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) रहस्यकथेच्या उंबरठ्यावरच उभी आहे. ख्रिस्ती विचाराकडे ओढली गेलेली तरुण यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते, वाटेत विधवांच्या कहाण्या ऐकते, नवरा दगावतो आणि आता केशवपनाचा वस्तरा तिच्याच डोक्यावर येणार असतो. मनातला विश्वास लपवून सासरी वावरणारी बाई, मागावर असलेले नातलग, सुटकेची एकच वाट. आजचा रहस्यकथाकार या तीन गोष्टींवर दोनशे पाने काढील. पदमनजींना मात्र विधवांचे हाल लोकांपुढे मांडायचे होते आणि त्यांवरचा उपायही सांगायचा होता. म्हणून जिथे धाप लागावी तिथे प्रवचन येते. वाटेत भेटणाऱ्या विधवा जिवंत वाटतात. यमुनेचे पुढे काय होणार ही काळजी वाटत नाही, कारण लेखकाला ती कधीच नव्हती.

या परंपरेला अपवाद ठरल्या त्या लक्ष्मीबाई टिळक. ‘स्मृतिचित्रे’ही धर्मांतराचीच कहाणी, पण लक्ष्मीबाई साक्ष द्यायला उभ्या राहत नाहीत. त्या घडले ते सांगतात, आणि त्यात स्वतःची फजितीही सोडत नाहीत. नारायण वामन टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला; लक्ष्मीबाईंना त्या वाटेने यायला आणखी पाच वर्षे लागली. ती पाच वर्षे वाचताना शेवट माहीत असूनही जीव टांगणीला लागतो. टिळकांच्या आयुष्यातला एक प्रसंग तर थेट कादंबरीतून उचलल्यासारखा आहे. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांना एक अनोळखी युरोपियन भेटला. गप्पा झाल्या, त्याने ‘नवा करार’ हातात ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. दोन वर्षांनी ते खरे ठरले. भक्ताला यात ईश्वरी योजना दिसते. रहस्यकथाकाराने पहिल्यांदा त्या डब्यातल्या सहप्रवाशांची यादी मागवली असती.

आता रहस्यकथेकडे पाहू. मराठीत तिची वाण कधीच नव्हती. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक पुस्तके लिहिली. झुंजार आणि काळापहाड घरोघर पोचले. मात्र आपल्या विषयाला सर्वांत जवळचा लेखक पुण्याचाच आहे. नारायण धारपांचा ‘समर्थ’ हा साधनेने शक्ती मिळवलेला सत्पुरुष. अमानवी संकट आले की लोक त्याच्याकडे धाव घेतात आणि तो ते परतवून लावतो. आत्मिक सामर्थ्य असलेला नायक, मालिका, भय, उत्कंठा, सगळे धारपांनी मराठीत करून दाखवले. तेव्हा मराठी वाचकाला असली गोष्ट पचत नाही, ही सबब चालणार नाही.

तरी धारपांचा साचा केडगावला जसाच्या तसा लावता येत नाही. समर्थाचे सामर्थ्य त्याने कमावलेले आहे आणि ते त्याच्या एकट्याचे आहे. ख्रिस्ती परिभाषेतले ‘कृपादान’ हे मुळात दान. ते कमावता येत नाही आणि मागून मिळेल असेही नाही. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात नऊ कृपादानांची यादी आहे: ज्ञानाचे वचन, विद्येचे वचन, विश्वास, बरे करणे, अद्भुत कार्ये, संदेश, आत्म्यांची पारख, निरनिराळ्या भाषा आणि भाषांचा अर्थ सांगणे. रहस्यकथाकाराच्या नजरेने ही यादी पुन्हा वाचून पाहावी. आत्म्यांची पारख हे तर सरळसरळ गुप्तहेराचे दान: समोरचा बोलतो ते कुणाच्या प्रेरणेने, हे ओळखणे. आणि भाषा बोलणारा एक, अर्थ सांगणारा दुसरा! ज्याच्या तोंडून निरोप येतो त्यालाच तो कळत नाही. ज्याला कळतो त्याच्यावर विश्वास ठेवावा लागतो. तो खोटे सांगत असला तर? कथानकाची अशी आयती गाठ दोन हजार वर्षे तिथे पडून आहे.

दुसरा अडथळा साच्याच्या आयातीचा. पेरेटीच्या कादंबरीत लहानशा अमेरिकन गावावर देवदूत आणि दुरात्मे यांची अदृश्य लढाई चालते. एका बाजूला प्रार्थना करणारे, दुसऱ्या बाजूला अंधार. हे चित्र उचलून नाना पेठेत किंवा खडकीत मांडायचे म्हटले, तर अंधाराच्या बाजूला कोण उभे करणार? गणपतीत मोदक घेऊन येणाऱ्या शेजारीणबाई? की लग्नाला आलेला, अजून वारीला जाणारा सख्खा चुलता? २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती एक टक्क्याहूनही थोडे कमी आहेत. त्यांचे शेजारी, सहकारी आणि कित्येकांचे नातलगही वेगळ्या श्रद्धेचे. इथे श्रद्धेच्या सीमेवरच शत्रू उभा करणारी कादंबरी माणुसकीच्या दृष्टीने ओंगळ होईल आणि कलाकृती म्हणून खोटी पडेल.

पुण्याच्या इतिहासातच याला उतारा आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये शहरातली बडी मंडळी जमली, चहा-बिस्किटे पुढे आली, आणि गोपाळराव जोशांनी हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रातून जाहीर करून सगळ्यांना प्रायश्चित्ताच्या लफड्यात अडकवले. त्यांत लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. यात दुरात्मा कुठेच नाही. एक कप चहा आहे आणि एक खट्याळ, धोकादायक माणूस आहे. १८९३ मध्ये रमाबाईंच्या शारदा सदनातल्या मुली प्रार्थनेला बसतात यावरून रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडले, आणि ‘केसरी’ने रमाबाईंवर तोफ डागली. दोन्ही बाजूंना सज्जन माणसे, दोन्ही बाजूंना थोडे खरे. पुढे प्लेग आला. १८९७ मध्ये रमाबाईंनी प्लेगच्या इस्पितळातल्या कारभाराबद्दल ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये जाहीर तक्रार केली, त्याच वर्षी जूनमध्ये गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. ज्या सरकारच्या धर्माची म्हणून रमाबाईंना हिणवले जाई, त्याच सरकारविरुद्ध त्या बोलत होत्या. कुठल्याच कळपात न बसणारी अशी व्यक्तिरेखा मिळावी म्हणून कादंबरीकार नवस बोलतात.

आपल्या ऐतिहासिक कादंबरीने मात्र या गल्ल्यांकडे फारसे पाहिले नाही. तिला गड, घोडे आणि दरबार प्यारे. महाबळेश्वर सैलांची ‘तांडव’ हा ठळक अपवाद: पोर्तुगीज गोव्यात धर्मांतराच्या वरवंट्याखाली सापडलेल्या गावाची ती गोष्ट. ती ताकदीची आहे, कारण तिच्यात कुणी एका धर्माचा म्हणून चांगला किंवा वाईट ठरत नाही. माणसे घाबरतात, तुटतात, तग धरतात. पण तिथला ख्रिस्ती धर्म सत्तेच्या बाजूने येतो. केडगावात तो दुष्काळातून उचलून आणलेल्या, नाव-गाव हरवलेल्या मुलींच्या बाजूने आला. ही दुसरी गोष्ट अजून कुणी सांगायची आहे.

तिसरा अडथळा वाचकाचा, आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. पुण्याचा वाचक चमत्काराला सहज मान डोलावत नाही. याच शहरात २० ऑगस्ट २०१३ रोजी नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. अशा शहरात ‘हात ठेवला आणि रोगी उठला’ एवढेच लिहून भागणार नाही. शंका घेणारा माणूस कथेत हवाच, आणि तो मूर्ख किंवा खलनायक असता कामा नये. विश्वासणाऱ्या लेखकांना ही अट जाचक वाटते. मला ती वरदान वाटते. रहस्यकथा जगते ती शंकेवर; शंका घेणारा वाचक समोर बसलेला असणे ही अर्धी लढाई जिंकण्यासारखेच आहे. केडगावच्या नोंदींतही शंका आहे. त्या आरडाओरड्याच्या प्रार्थनांवर तेव्हाच्या मिशनऱ्यांनीच नाके मुरडली. स्वतः रमाबाई अन्य भाषेत बोलल्याची नोंद मिळत नाही. संस्कृतात पंडितांना निरुत्तर करणारी, पुढे हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणणारी ती बाई. आणि भाषेचे दान आले ते तिच्या आश्रयाला आलेल्या मुलींना. हा विरोधाभास नुसता नोंदवून पुढे जाईल तो चरित्रकार. तिथे थांबेल तो कादंबरीकार.

मग आजची स्थिती काय? आपली ख्रिस्ती नियतकालिके जुनी आणि चिवट आहेत: ‘ज्ञानोदय’ १८४२ चे, ‘निरोप्या’ विसाव्या शतकाच्या आरंभीचे. ललित निबंध, कविता, चिंतन, भाषांतर यांत ख्रिस्ती लेखकांनी मराठीला भरघोस दिले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले ते या कामाच्या जोरावर. पण लोकप्रिय कादंबरी ही ‘हलकी’, म्हणून देवळाच्या पायरीबाहेरची, असा एक अबोल संकेत राहिला. विश्वासणाऱ्या लेखकाला वाटते, कल्पित लिहिले तर खऱ्या चमत्कारालाही लोक कल्पित म्हणतील. सेक्युलर लेखकाला वाटते, चमत्कार लिहिला तर आपल्यालाच लोक विश्वासणारा म्हणतील. दोघेही गप्प बसतात, आणि दुकानदार ‘दा विंची कोड’ काढून देतो.

कीर्तनाची परंपरा असलेल्या भाषेत हा संकोच नवलाचा आहे. अहमदनगरकडच्या ख्रिस्ती मंडळींनी कीर्तन केव्हाच आपलेसे केले होते. पूर्वरंगात तत्त्व सांगून घ्यायचे आणि उत्तररंगात आख्यान रंगवताना श्रोत्याला नेमके अडचणीच्या जागी लटकत ठेवून झांजा वाजवायच्या, हे तंत्र त्यांना येत होते. कादंबरीत मात्र आपण पूर्वरंगच लांबवत बसलो.

कुणी अशी रहस्यमालिका लिहायला घेतलीच, तर माझी एकच सूचना आहे. पहिल्या पानावर जिच्यावर अग्नी उतरला तिच्या मनात शिरू नये. तिला काय दिसले ते तिचे तिला ठाऊक. त्याची साक्ष ती देईल. कथा दुसरीच्या डोळ्यांनी सांगावी. जिने ज्वाळा पाहिल्या, खऱ्या मानल्या, आणि गुडघे टेकण्याआधी पाणी आणायला धावली. ती शंकेखोर नव्हती आणि भाबडीही नव्हती. शेजारीण वाचली पाहिजे एवढेच तिला सुचले. तिचे नाव त्या हकीकतीत नाही. भरलेली बादली तिने नंतर कुठे ठेवली, सकाळी ती कुणाशी काय बोलली, पुन्हा कधी त्या अंथरुणाशेजारी तिला झोप लागली का, हे कुणी विचारलेले नाही. कादंबरी तिथून सुरू होते.