मंथरेवरून सरकलेली नजर

२०२५ च्या जानेवारीत लक्ष्मण उतेकर दिग्दर्शित ‘छावा’ या हिंदी चित्रपटाची झलक प्रसिद्ध झाली, तिच्यातील छत्रपती संभाजी महाराजांच्या लेझीमनृत्यावर आक्षेप घेतले गेले आणि १४ फेब्रुवारीला चित्रपट प्रदर्शित होण्याआधीच तो प्रसंग वगळण्यात आला. वाद मिटला, चित्रपटाने प्रचंड गल्ला जमवला. पण शिवाजी सावंत यांच्या १९७९ मधील कादंबरीचे पडद्यावर नेमके काय झाले, या प्रश्नाला त्या गदारोळात जवळपास जागाच उरली नाही. माध्यमांतर, म्हणजे एका माध्यमातील कलाकृती दुसऱ्या माध्यमाच्या साधनांनी नव्याने घडवणे, ही निर्मिती आहे, नक्कल नव्हे, हे तत्त्व मराठी समीक्षेला अपरिचित नाही. तरीही अलीकडे साहित्य आणि आख्यायिका यांच्यावरील प्रत्येक चित्रपटाला ‘मुळात असे आहे का?’ हा एकच प्रश्न विचारला जातो आणि त्याचे उत्तर मिळाले की परीक्षण संपते. या प्रश्नाने चित्रपटांचे जे नुकसान केले आहे, त्याचा हिशेब मांडण्याची वेळ आली आहे.

‘छावा’त संभाजी महाराज आणि कवी कलश यांच्यातील काव्यमय संवाद आहेत; परंतु चित्रपटाचे खरे बळ लढायांवर आणि अखेरच्या दीर्घ छळप्रसंगावर खर्ची पडते, त्यामुळे प्रेक्षक हेलावतो, पण त्या राजाच्या मनापर्यंत पोहोचत नाही. दिग्पाल लांजेकर यांच्या ‘फर्जंद’ (२०१८) पासून ‘सुभेदार’ (२०२३) पर्यंतच्या चित्रपटांत निष्ठा निःसंशय आहे, परंतु प्रेक्षकाला आधीच ठाऊक असलेले आणि मान्य असलेलेच त्याला पुन्हा दाखवले जाते. ‘नटरंग’ने (२०१०) आनंद यादवांच्या कठोर कादंबरीला पुरस्कार-सोहळ्याचा दिलासा जोडला आणि तिची धार बोथट केली. ओम राऊत यांच्या ‘आदिपुरुष’ने (२०२३) रामकथेत बदल केले खरे, पण ते वेशभूषेचे, संवादांच्या लकबीचे आणि संगणकीय चमत्कृतीचे होते, रामकथेतील एकाही अवघड प्रश्नाला त्याने हात घातला नाही. बदल केला म्हणजे धाडस केले असे होत नाही आणि बदल टाळला म्हणजे निष्ठा पाळली असेही होत नाही.

धाडस आणि निष्ठा एकत्र कशी नांदतात, याचा सर्वोत्तम नमुना पाहण्यासाठी चित्रपटांच्या जगाबाहेर, गोंदिया जिल्ह्यातील आमगावजवळच्या पदमपूर या गावाकडे वळावे लागते. आठव्या शतकातील संस्कृत नाटककार भवभूती याने आपल्या घराण्याचे मूळ गाव म्हणून विदर्भातील ज्या पद्मपुराचा उल्लेख केला आहे, ते हेच गाव होय, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले, आणि आमगावचे महाविद्यालयही आज भवभूतीचेच नाव धारण करते. त्याच्या ‘उत्तररामचरित’ या नाटकाकडे करुणरसाचा परमोत्कर्ष म्हणून पाहण्याची परंपरा आहे. परंतु ते माध्यमांतराचेही एक शास्त्र आहे, ही गोष्ट पुरेशी लक्षात घेतली जात नाही.

पहिल्या अंकात लक्ष्मण राम आणि सीतेला त्यांच्याच गतायुष्याची चित्रे क्रमाने दाखवतो. घडून गेलेली कथा चित्रांच्या मालिकेतून पुन्हा उलगडते आणि ज्यांची ती कथा आहे तेच तिचे प्रेक्षक होतात. शूर्पणखेचे चित्र येताच सीता विरहाच्या आठवणीने घाबरते आणि हे केवळ चित्र आहे असे सांगून राम तिला धीर देतो. त्याआधी मंथरेचे चित्र येते. लक्ष्मण तिचे नाव घेतो, पण राम त्यावर काहीही न बोलता घाईने पुढच्या चित्रातील इंगुदीच्या झाडाकडे सीतेचे लक्ष वेधतो आणि कैकेयीचा विषय दादांनी टाळला, हे लक्ष्मणाच्या ध्यानात येते. वाल्मीकींच्या काव्यात नसलेला हा क्षण रामाचा सगळा स्वभाव उघड करतो: स्वतःच्या वनवासाबद्दल कोणालाही दोष न देणारा हा पुरुष त्याच अंकाच्या अखेरीस लोकापवादासाठी सीतेला वनात धाडणार आहे. एका नजरेच्या सरकण्यात भवभूतीने जे सांगितले, ते आजच्या चित्रपटांना पार्श्वसंगीताच्या गजरातही सांगता येत नाही.

सातव्या अंकात तो आणखी पुढे जातो. तेथे गर्भांक, म्हणजे नाटकाच्या पोटातील नाटक, आहे; वाल्मीकींची रचना अप्सरा सादर करतात आणि राम प्रेक्षकांत बसून सीतेचे दुःख पाहतो. पाहता पाहता तो इतका विव्हळ होतो की हे नाटक आहे याची आठवण लक्ष्मणाला त्याला करून द्यावी लागते. पहिल्या अंकात सीतेला ‘हे चित्र आहे’ असे समजावणाराच शेवटच्या अंकात तीच चूक करतो आणि या चुकीतून त्याला आपल्या कृत्याची पूर्ण जाणीव होते. त्यानंतर भवभूती मूळ कथेचा शेवटच बदलतो. रामायणात पृथ्वीच्या पोटात गेलेली सीता येथे रामाला परत मिळते, पण त्याआधी रामाला आपल्या निर्णयाचे मोल पूर्णपणे मोजावे लागते. कथा मोडण्यासाठी हा बदल केलेला नाही. मूळ कथेने जो न्याय अर्धा ठेवला, त्याचा जाब कवीने विचारला आहे.

या कसोटीवर टिकणारे मराठी चित्रपट थोडे आहेत, पण आहेत. जब्बार पटेल यांच्या ‘जैत रे जैत’ने (१९७७) गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीतील ठाकरांचे जग निवेदनातून नव्हे, तर ढोलाच्या ठेक्यातून आणि ना. धों. महानोरांच्या शब्दांना हृदयनाथ मंगेशकरांनी दिलेल्या चालींतून उभे केले. लिंगोबाच्या डोंगरावरील राणीमाशीवर सूड उगवू पाहणाऱ्या नाग्याला हवे ते मिळते, पण चिंधी त्याच्यापासून हिरावली जाते आणि विजयाचा अर्थच बदलून जातो. गाणी येथे कथा थांबवत नाहीत, कथा वाहून नेतात. राजीव पाटील यांच्या ‘जोगवा’ने (२००९) राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या दोन कादंबऱ्यांची सामग्री एकत्र आणली आणि देवीला माणसे वाहण्याच्या ज्या प्रथेचे चित्रण करायचे तिच्याविरुद्ध पात्रांना उभे राहू दिले. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’त मुकुंद जोशी स्वतः बोलतो, सुजय डहाके यांनी २०१२ मधील चित्रपटात त्या बोलण्याचा मोठा भाग गाळला आणि वर्गातल्या नजरा, रस्त्यावरचे थबकणे, न बोललेली वाक्ये यांच्यावर विश्वास टाकला. या तिन्ही चित्रपटांत मूळ कृतीचे शब्द कमी होतात आणि तिचे म्हणणे अधिक स्पष्ट होते.

आता प्रश्न उरतो तो आख्यायिकांचा, आणि येथे पुन्हा गोंदिया जिल्ह्याकडेच यावे लागते. सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहांत माघ पौर्णिमेला अनेक राज्यांतील गोंड समाज जमतो. कली कंकालीची तेहतीस मुले गुहेत कोंडली गेली, जंगो रायताड आणि गोंडांचे आद्य गुरू मानले जाणारे पारी कुपार लिंगो यांच्या पुढाकाराने ती सुटली, आणि हिरासुका पाटालीर या वादकाच्या सुरांनी बळ येऊन मुलांनी गुहेच्या तोंडावरची शिळा ढकलली, पण त्याच शिळेखाली तो वादक सापडला, अशी कथा तेथे सांगितली जाते. लिंगोची कथा एकाच रूपात बांधलेली नाही. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी टिपलेला आणि १८६६ मध्ये प्रसिद्ध झालेला तिचा पाठ वेगळा आहे, आणि परधान, म्हणजे किंगरी हे तंतुवाद्य वाजवत गोंडांच्या कथा गाणारे परंपरागत गायक, तिला पिढ्यान्‌पिढ्या गात आले आहेत. मराठी चित्रपटाच्या मुख्य धारेत या कथेला अद्याप स्थान नाही. ‘झॉलीवूड’ने (२०२२) झाडीपट्टीच्या, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगल आणि धानाच्या प्रदेशाच्या, रंगभूमीचे जग पडद्यावर आणले, पण तेही नाटक करणाऱ्यांचे जग होते; येथील आख्यायिका अजून वाटच पाहत आहे.

श्रद्धेच्या कथांना हात लावू नये, असे सांगणाऱ्यांनी भवभूतीच्या नाटकांची प्रस्तावना पुन्हा वाचावी. कालप्रियनाथाच्या यात्रेत जमलेल्या लोकांपुढे नाटक होत असल्याचे तेथे सूत्रधार सांगतो. म्हणजे रामकथेचा शेवट बदलण्याचे काम एखाद्या बंद दालनातील जाणकारांसमोर नव्हे, तर यात्रेत, भाविकांच्या गर्दीसमोर झाले. आठव्या शतकातील यात्रेकरूंना जे पेलले, ते एकविसाव्या शतकातील प्रेक्षकांना पेलणार नाही असे मानणे हा त्या प्रेक्षकांचा अपमान आहे. आक्षेपाच्या भीतीने प्रसंग कापणारा चित्रपट कोणाच्याही श्रद्धेचे रक्षण करत नाही. तो फक्त कथेतील माणसाला पुतळा करून ठेवतो, आणि पुतळ्याला दुःख होत नाही.

मात्र हे स्वातंत्र्य बाहेरून येऊन घ्यायचे नाही. भवभूती रामकथेच्या परंपरेत वाढला होता, म्हणून त्याचा जाब घरातला होता. कचारगडची कथाही ज्यांनी किंगरीवर ऐकली आहे, ज्यांची भाषा गोंडी आहे, अशांच्या हातून पडद्यावर यावी. तिच्यात संगणकाने उभारलेले डोंगर नसले तरी चालेल, पण मुले बाहेर आली त्या क्षणी शिळेखाली राहिलेल्या वादकाकडे कोणी वळून पाहिले का, हा प्रश्न असलाच पाहिजे. निर्मात्यांनी अशा कलावंतांना पैसा आणि मोकळीक द्यावी, प्रेक्षकांनी त्यांना ‘मुळात असे आहे का?’ असे विचारून अडवू नये आणि समीक्षकांनी परंपरेच्या पहारेकऱ्याचे काम सोडून वाचनाचे काम हाती घ्यावे. आमगाव आणि सालेकसा हे शेजारचे तालुके आहेत. भवभूतीचे पदमपूर आणि लिंगोची गुहा यांच्यात फार अंतर नाही, आणि जे अंतर आहे ते चित्रपटानेच ओलांडायचे आहे.